घोट्यावरचा हात

मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकू नका, तिथे बसलेला माणूस डोळे मिटतो आणि वर ध्यान लागलं म्हणून सांगतो! आज एकच विचारतो. ज्याच्यासाठी माणूस जळतो, ते त्याच्या हातात नेऊन ठेवलं, तर जळणं थांबतं का हो?

पेण गावी एक हसुराम म्हात्रे. नाव हसुराम, पण एकतीस वर्षांत मनापासून हसला नाही. कशापायी? कबड्डीपायी! राज्य स्पर्धेचा अंतिम सामना, शेवटची चढाई, एका गुणाचा फरक. समोरचा गडी मधल्या रेषेकडे निसटतोय — हसुरामने सूर मारला, घोटा धरला! त्याच क्षणी त्याचा जोडीदार परशुराम मोकल वरून येऊन त्या गड्यावर पडला. सामना जिंकला! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यात परशुराम आख्खा — छाती, मिशा, दात, सगळं. आणि हसुराम? मनगटापर्यंत! घोट्यावर एक हात. बाकीचा हसुराम छापखान्याने कापला.

परशुरामला पुरस्कार, नोकरी, चौकात फलक. हसुरामला टाळ्या. त्याही त्यानेच वाजवल्या — परशुरामच्या सत्कारात!

आता परशुराम साठीचा. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेतून बोलावणं आलं — परशुराम मोकल म्हणूनच! हसुराम बायकोला म्हणतो, "स्वतःचंच काम करायचं, त्यात कसली कला? मीही रोज हसुराम म्हात्रेचं काम करतो."

मंजुळाबाई म्हणाल्या, "हो, आणि ते मी एकटी बघते. नाइलाजाने!"

बुधवारी संध्याकाळी हसुरामने दार लावलं, खिडक्या लावल्या आणि टीव्हीसमोर बसला. हात जोडून! "देवा, परशा अडखळू दे. वाक्य विसरू दे." इतकी एकाग्रता आपली आरतीत असते का?

मालिकेतल्या घरात भिंतीवर तोच फोटो! तिथले आजोबा पाहुण्यांना थाप मारतायत — "घोट्यावरचा हा हात माझा!" इकडे हसुराम खुर्चीतून उठला. एवढा एक हात उरला होता, तोही नेला! तेवढ्यात मालिकेत बेल वाजली. दारात खुद्द परशुराम. फोटोकडे बघून म्हणाला, "आजोबा, हा हात तुमचा नव्हे. हा पेणच्या हसुराम म्हात्रेचा. त्याने घोटा धरला नसता, तर मी नुसता मातीत पडलो असतो."

मंजुळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हसुराम परत खुर्चीत बसला. मिळालं! एकतीस वर्षं हवं होतं ते मिळालं! संपली कथा? आटपायचं?

छे हो! दार वाजलं. शेजारचे नारायणराव — "हसूभाऊ, काय मोठ्या मनाचा माणूस तो परशुराम!" मागून दुसरे — "असा मित्र मिळायला भाग्य लागतं!" तिसरे, चौथे, तेच! "काय घोटा धरलात" म्हणणारा एकही नाही. हसुराम पुन्हा जळायला लागला. सामना परशाचा, फोटो परशाचा — आणि आता मोठेपणाही परशाचाच?

फोन वाजला. परशुराम!

"हसू, पाहिलंस का रे? तुझं नाव त्यांच्या कागदात नव्हतं. मी हट्टाने घातलं. फार वर्षं मनात होतं."

हसुराम म्हणाला, "वीज गेली होती."

"गेली होती?"

"हो."

डोक्यावर पंखा फिरत होता. मंजुळाबाई त्या पंख्याकडे बघत राहिल्या.

"बरं," परशुराम म्हणाला. आणि फोन तसाच धरून राहिला. ठेवला नाही.

मंडळी, हसुरामला नावं ठेवू नका. मघाशी शेजारच्याच्या गळ्यात हार पडला, तेव्हा तुमच्यातल्या किती जणांना नेमकी पाठ खाजवायची होती — मी वरून बघत होतो! आणि आमच्या पेटीवाल्यांना दाद मिळते तेव्हा मीही पाणी मागतो. तेव्हा सांगतो — ज्याने तुमच्यासाठी चांगलं केलं, त्याला आजच सांगा, "पाहिलं रे." एवढंच. हसुरामच्या ओठांवर आलं होतं हो ते! पलीकडे माणूस थांबला होता. आणि हसुरामने फोन ठेवला.