रिकाम्या हातानं परत आलेला धनेश

मंडळी, एक प्रश्न विचारतो. नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या. माणसाची किंमत कशावरून करायची? त्याच्या सोन्यासारख्या दिवसावरून, की मातीमोल दिवसावरून?

खांबाला टेकलेल्या आबांनी तर डोळेच मिटले. असू दे. उत्तर सापडलं नाही की माणसं ध्यानाला बसतात, हे मी गावोगाव पाहिलंय.

मग ऐका. आजच्या कीर्तनात पुराणातला राजा नाही. अलिबागकडचा कबड्डीचा गडी आहे, धनेश केणी. चढाई करायचा. चढाई म्हणजे काय, आजीबाईंसाठी सांगतो. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्यांच्या घरात शिरायचं, गड्याला शिवायचं, आणि दम सुटायच्या आत परत यायचं. शिवला तो मेला. त्यांनी तुलाच धरून ठेवलं, तर तू मेलास. मेला की मैदानाबाहेर जाऊन बसायचं. संसारासारखाच खेळ, फक्त इथं पंच डोळ्यांना दिसतो!

धनेशचे पाय म्हणजे वारा. टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये खेळला. पण तऱ्हा कशी? आज समोरचा अख्खा संघ झोपवेल, उद्या पहिल्याच चढाईत स्वतः आडवा. एका संघानं घेतला, सोडला. दुसऱ्यानं घेतला, सोडला. तिसऱ्यानं सांगितलं, "करार संपला. आता तू मोकळा." मोकळा! आपण जन्मभर देवाकडे मुक्ती मागतो, आणि ह्याला आयती मिळाली तर ह्याची झोप उडाली.

बायको वैदेही. फटकळ, पण जीव लावणारी. ती म्हणाली, "अहो, जिंकलात की तुमचं डोकं दाराच्या चौकटीला लागतं. हरलात की चार दिवस तोंड दिसत नाही. ह्यातला माझा नवरा कोणता, तेवढं एकदा सांगा."

धनेशनं पिशवी खांद्याला लावली आणि सरावाला निघून गेला.

लीगच्या खेळाडूंचा लिलाव आठवड्यावर आला. वय बत्तीस. ह्या खेपेला कुणी घेतलं नाही तर कारभार आटोपला. अशात गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना लागला, आणि एका मोठ्या संघाचे प्रशिक्षक ओंबळे सर खास ह्याला बघायला मांडवात येऊन बसले. धनेश मनात म्हणाला, आज असा खेळतो की सर इथूनच मला गाडीत घालून नेतील.

पहिली चढाई. पाय समोरच्यांच्या घरात, आणि डोळे कुठे? सरांच्या खुर्चीवर! कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला, बाकीचे अंगावर पडले. धनेश मेला, बाहेर.

आता ह्या खेळाची गंमत बघा. मेलेला गडी स्वतःहून आत येऊ शकत नाही. कितीही मोठा असो, रडो, ओरडो. आतल्या सोबत्यानं समोरचा एक गडी मारला, तरच बाहेरचा एक जिवंत होतो. आपला जीव दुसऱ्याच्या हातात! धनेश इतकी वर्षं खेळला, पण आपल्याला आत कोण आणतं इकडे त्यानं कधी बघितलंच नाही. आत आला की मांडीवर थाप मारायची, लोकांकडे बघायचं आणि सुटायचं. त्या दिवशीही तेच. सोबत्यांनी जिवंत केला, हा जाऊन मेला. पुन्हा केला, पुन्हा मेला. वर बाहेर बसून करवादतोय, "लवकर आत घ्या रे मला, सर बघतायत."

सामना संपत आला. दोन्ही संघ बरोबरीत. त्यांचा चढाईवाला आला, रेड्यासारखा दांडगा. आपला कप्तान बळीराम गावंड कोपऱ्यात उभा. चाळिशीकडे झुकलेला, त्याला कुठली लीग नि कुठलं काय. त्यानं झेप घेऊन त्या गड्याचा पाय कवटाळला. टाच तोंडावर बसली, ओठ फाटला, पण पठ्ठ्यानं पाय सोडला नाही. गडी मेला. आपण एका गुणानं पुढे, आणि धनेश जिवंत!

शेवटची चढाई धनेशची. बळीराम रक्त पुसत जवळ आला आणि एवढंच म्हणाला, "तुला जिवंत केलाय. आता मरू नको बाबा."

धनेशनं पहिल्यांदा त्याचं तोंड नीट बघितलं. ह्यानं आजवर किती वेळा असं केलं असेल, आणि आपण एकदा विचारलंसुद्धा नाही!

तो आत शिरला. पलीकडच्या आडव्या रेषेपर्यंत जाऊन आला की चढाई वैध, तेवढी त्यानं ओलांडली. समोरच्या गड्यानं मुद्दाम पाय पुढे टाकला, आमिष म्हणून. लोक ओरडतायत, "मार, धन्या, मार!" शिवला तर टाळ्या, सर खूश, लिलावात नाव. पकडला गेला तर बरोबरी, बळीरामचा ओठ फुकट. आणि नुसता परत आला तर संघ जिंकला, पण धनेशच्या नावावर काय? शून्य.

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. देवळात बसलाय.

धनेश परत आला. कुणाला न शिवता, रिकाम्या हातानं. शिट्टी वाजली, संघ जिंकला, आणि मांडवातनं हुर्यो उडाली, "भित्रा! भित्रा!" ओंबळे सर उठून गेले. घरी येऊन तो वैदेहीला म्हणाला, "माझं संपलं बहुतेक." आणि शांतपणे जेवायला बसला. ती बघतच राहिली. ना डोकं चौकटीला, ना तोंड लपवलेलं.

लिलावाच्या दिवशी पहिल्या फेरीत नाव आलं, कुणी बोली लावली नाही. दुसऱ्या फेरीत ओंबळे सरांनी हात वर केला. धनेशनं नंतर विचारलं, "सर, त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं." सर म्हणाले, "जाणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. मला परत येणारा हवा होता."

आता कबड्डी बाजूला ठेवा. मघाचा माझा प्रश्न चुकीचाच होता म्हणा. चांगला दिवस तरी तुमचा एकट्याचा असतो का? कुणीतरी ओठ फोडून घेतलेला असतो, म्हणून आपण आत उभे असतो. आणि आपापल्या घरी बघा. नापास झालेली लेक, नोकरी गेलेला भाऊ, बोलणं टाकलेली जाऊ. बाद होऊन बाहेर बसलीत माणसं. त्यांना स्वतःहून आत येता येत नाही हो! देवाचं नाव घ्या आणि आज घरी गेल्यावर त्यातल्या एकाला तरी आत घ्या.