बंद काटा

पेट्रोलचा काटा बंद असलेली मोटार रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, असं आळंदच्या गॅरेजात माझ्या शेजारी बसलेल्या आप्पारावांनी गंभीरपणे जाहीर केलं. ते लेकीला, सुमनला, करजगीला सासरी पोचवायला निघाले होते.

"आप्पा, काटा दिवाळीपास्नं बंद हाय. तुम्ही हैदराबादला जाऊन आलाव की."

"तवा तू गाडीत नव्हतीस."

"टाकी भरून घ्या, अण्णा," मिस्त्री म्हणाला. "करजगी काय लई लांब न्हाई."

"लांबच हाय. सोलापुराहून नवा काटा मागवा."

"उद्या यील."

"मग उद्या जाऊ."

"अन् उद्या न्हाई आला तर, आप्पा?"

"परवा."

"मग पिशवी घरीच ठेवली असती की मी."

मिस्त्रीनं काट्यामागं हात घातला. वायर सुटली होती. ती जोडायला दोन मिनिटं लागली.