सयाजीचं चिलखत

...आणि वर मलाच विचारतो, "मामा, हातमोजे तपकिरी घेऊ का काळे?" अरे, मुलगी बघायला चाललायस की अफझलखानाला भेटायला?

तुम्हाला सांगतो, हा सयाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, मुंबईला गिरणीत फिटर. दोन सोयरिकी बोलता बोलता मोडलेल्या. तिसरी मी जमवत आणलेली, शिवथरच्या वरच्या वाडीतल्या मालोजींची मैना. तिशीला टेकलाय हो, ही गेली की चौथी कोण आणतो? म्हटलं, मुकाट्याने बैलगाडीत बस. छे! कुण्या साहेबाची जुनी फटफटी घेतलेली ना! ती बोटीतून दासगावला उतरवली, आणि आठ दिवस महाडला माझ्या दुकानात ठाण मांडून केलं काय, तर अंग वाचवायचं सामान निवडलं! का? तर, "मामा, रस्ता कच्चा हाय!"

लढाईतून आलेला कातडी कोट... कोणाच्या अंगातला, देव जाणे! कानांवर चढणारी कातडी टोपी. डोळ्यांना घोड्याच्या झापडांसारखा चष्मा. म्हटलं, झालं असेल. कुठलं! जोडे शिवणाऱ्या चांगूकडे गेला. चांगू बेरकी, म्हणतो, "गुडघ्यांना बैलाचे गळपट्टे बांधू का, दादा? घुंगरं काढून देतो!" आणि बांधले की याने! दुकानात माझ्यासमोर वीस उठाबशा काढल्या, गिऱ्हाइकं मीठमिरची सोडून बघत उभी. "मामा, डावा जरा सैल वाटतो का?" गळपट्टा कसला सैल, अक्कल सैल! "तसं नाय मामा, रस्ता कच्चा हाय!"

अरे, कच्चा असणारच! आमचा कुशाबा तीस वर्षं त्याच वाटेने तट्टावरून हिरडा आणतो. दोनदा ओढ्यात पडला, उठला, तट्टाला चार शिव्या घातल्या आणि बाजाराला वेळेवर हजर. त्याच्या गुडघ्याला काय होतं? कातडंच, पण स्वतःचं!

वैशाखाचं ऊन. मी बैलगाडीने निघालो, पोचलो, गूळपाणी झालं, गप्पासुद्धा संपल्या, तरी फटफटी नाही. मग आला... ढकलत! धोंड्यांवर ती चढेना. म्हणजे बसला कमी, ढकलली जास्त. आणि पडला म्हणाल, तर एकदाही नाही! एवढं चिलखत, आणि मेल्याला खरचटलंसुद्धा नाही हो!

तसाच ओटीवर बसला. घामाच्या धारा. मालोजी म्हणाले, "कोट काढा, पाव्हणं." "नको, राहू दे." "हातमोजे तरी?" "असू दे." कारण काय, तर आत नुसता फाटका गंजीफ्रॉक, आणि हात वंगणाने काळे. हे मला ठाऊक, त्यांना काय ठाऊक? मुलीची आई बयाबाई दाराआडून कुजबुजली... कुजबुज कसली, खालच्या वाडीला ऐकू गेली! "अवो, हा झाकून का बसलाय? अंगावर कोडबिड नाय ना?" आणि आतून मैना, जिला खाली मान घालून बसायला शिकवलेलं, ती ओरडते, "आई गो, आधी बोटां मोज!"

चालली की तिसरी! मी त्याच्या कानाशी लागलो, "काढ ते सगळं!" "पण मामा, रस्ता..." "रस्ता संपला, गाढवा! ही ओटी आहे! काढ!"

टोपी निघाली, चष्मा निघाला, गळपट्टे सुटले, शेवटी कोट. बोटं मोजली, काळी पण दहा भरली. गंजीफ्रॉक वर करून पाठ बघितली, नितळ! मैना दारात येऊन खुदकन हसली. म्हटलं, जमलं, फोडा सुपारी! तर बयाबाई म्हणते, "पोर बरा हाय. पन भाचा मामाच्या वळणावर जातो ना... मग मामांनी एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं का लावलीत?"

आता काय करता? महाडच्या पेठेतला मानाचा दुकानदार मी, वय वर्षं बावन्न... बसलो उघडा! सुपारी फुटली हो, फुटली. पण तुम्हाला सांगतो, माझ्या डाव्या खांद्यावरची जन्मखूण दोनदा बघून मग!