झगमगचं उरलं झग

…आणि वर म्हणे हसायचं नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या भाईंदर-गोडदेवच्या समाधानला हसू नको म्हणणं म्हणजे… अहो, हा माणूस कीबोर्डपुढे उभा राहिला की बोटं नंतर चालतात, दात आधी बाहेर येतात! हळद असो, बारसं असो, जयंतीची मिरवणूक असो, दोन्ही हात पळतायत आणि चेहरा असा की नवरदेव हाच! बाजूला जितेश लॅपटॉपवर धडाडधूम बीट सोडतोय, पुढे माईकवर पंचशीला, म्हणजे समाधानची बायको. तिघांचा बँड, 'झगमग बीट्स'. नाव ऐकूनच लाइट लागतात!

तर या झगमगनं बदलायचं ठरवलं. बदलावं माणसानं, नाही कोण म्हणतंय? कारणही तसंच होतं. इतकी वर्षं जनरेटरच्या वर आवाज चढवून चढवून पंचशीलाचा गळा बसला. बसला तो उठेचना! डॉक्टर म्हणाले, "आता ओरडून गायलात तर बोलायचीही पंचाईत होईल." घरी येऊन ती म्हणाली, "अहो, तुम्ही दुसरी गायिका बघा." समाधान त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठला आणि म्हणाला, "गायिका नाही बदलायची. बँड बदलू."

झालं! जितेशनं त्याची मामेबहीण आणली, मनाली. पोरगी जाहिरातीत कामाला. खुर्चीत टेकायच्या आत म्हणते, "दादा, तुमचं सगळं टू मच आहे. कमी करा." नावापासून सुरुवात! 'बीट्स' कापलं, पाठोपाठ 'मग'ही कापलं, उरलं काय? झग! अहो, झग म्हणजे काय? "तेच तर! लोकांनी विचारायला पाहिजे," म्हणते. विचारतायत ना! कोपऱ्यावरचा किराणावाला रोज विचारतोय, "समाधानभाई, बाकी का नाम किधर गया?"

मग कपडे. चंदेरी कोट, प्लास्टिकसारखे, आत वारा जाईल तर शपथ… भाईंदरच्या उकाड्यात! बदलावं माणसानं, नाही कोण म्हणतंय, पण उकडून निघावं का?

आणि नवीन गाणं, 'खाजण', म्हणजे आपली खाडीकाठची खारी जमीन. एकच सिंगल, पण सगळं त्याच्यावर. जितेशचा बीट असा, की वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ गळतोय. आणि समाधाननं काय वाजवायचं? एक सूर! एक पट्टी दाबायची आणि धरून ठेवायची, गाणं संपेपर्यंत! "आणि डावा हात?" "खिशात, दादा. आणि प्लीज, हसायचं नाही."

बिचारा आरशासमोर ओठ मिटायची प्रॅक्टिस करायचा… एक बाजू मिटली की दुसरीकडून दात डोकावतोय!

पण तुम्हाला सांगतो, पंचशीलानं पहिल्यांदा माईकला ओठ लावून हळूच गायलं ना, 'पाणी गेलं, मीठ राहिलं…', खोलीत कुणी हललं नाही. तोच बसका, खरखरीत आवाज, पण ऐकायला माणूस पुढे वाकावा असा! मनाली म्हणाली, "दादा, ताई तुमच्या सुरावर टेकून गाते. तुम्ही सोडलात तर ती पडेल." बस्स. समाधानला बाकी काही कळलं नसेल, एवढं कळलं.

मग पहिला शो. काशीमीऱ्याला हॉटेलचा हॉल, पहिल्या रांगेत समाधानची आई, चंपाबाई. गाणं सुरू झालं. पंचशीलाचे डोळे मिटलेले, समाधान खांबासारखा उभा, एक बोट पट्टीवर, एक हात खिशात, चेहऱ्यावर हसू नाही… आणि चंपाबाई उठली ना! पोराला जन्मात असं पाहिलेलं नाही हो तिनं! तडक स्टेजवर! त्याच्या कपाळाला हात लावून म्हणते, "लेकरा, कामून असा उभा हायस? हात कामून हलंना तुझा? अंगावरून वारं गेलं का काय रे!"

आता काय करायचं? बोलावं तर गाणं बिघडतंय, बोट उचलावं तर पंचशीला पडतेय! चंपाबाई त्याचं मनगट ओढतेय, हा सगळं अंग त्या एका बोटावर टाकून उभा, डोळ्यातून घळाघळा पाणी… उकाड्याचं म्हणा, कशाचंही म्हणा. ओढून ओढून थकली, मग म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. बोट काही हललं नाही! पंचशीलानं शेवटची ओळ संपवून डोळे उघडले, तर स्टेजवर सासूबाई!

आणि मग ज्या टाळ्या पडल्या… बायका पदरानं डोळे पुसतायत! लोकांना वाटलं, हे सगळं बसवलेलंच आहे. मनालीनंही नाही म्हटलं नाही, हुशार आहे पोरगी!

आता बोलावणी येतायत, पार वसईपासून. अट एकच, "ती आई पाहिजे." चंपाबाई म्हणते, "येते की, माझ्या मापाचा कोट शिवा." बदलावं माणसानं, नाही कोण म्हणतंय…

कालच नवीन पोस्टर लागलं नाक्यावर. मधोमध पंचशीला, काय दिसतेय! मागे चंपाबाई, हात पुढे केलेला. आणि समाधान? आहे ना, तोही आहे… नीट बघितलंत तर आईच्या हाताखाली त्याचं कपाळ दिसतं!