पऱ्हाटीवर चाललेला बॉयलर

जवळा बाजार गावातल्या दोन तेलमिलांचा कोळसा म्या एकट्यानं बंद केला. म्हणजे काय, म्या नुसती थाप मारली; डोकं, हात सगळे त्यांचेच.

सोयाबीन आपल्याकडं नवं होतं, तवाची गोष्ट. सरकीचं तेल काढणाऱ्या गुलाबशेठला म्हटलं, "शेठ, समोरच्या मिलवाल्या मारोतरावनं कोळसा सोडला म्हणे. कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाटी जाळून बॉयलर चालवून राहिले."

शेठचा चहा हातातच राहिला. "मंग त्याचं तेल माझ्याहून स्वस्त पडंल की रे! माझी मिल बसलीच म्हण."

लगेच मिस्त्री बोलावून त्यानं भट्टीचं तोंड रुंद केलं, बैलबंड्या भरभरून पऱ्हाटी आणली. मी हसायलाच गेलो होतो. पण भट्टी पेटली, वाफ शिट्टी मारत सुटली, तेलाची धार लागली, अन् चिमणीवर काळ्या धुराचा पत्ता न्हाई! आपण बांधावर पेटवून देतो त्या काड्यांत एवढं बळ? माझे हात आपसूक जोडले गेले.

तसाच पळत मारोतरावकडं गेलो अन् सगळी थाप सांगितली. शेठचं बघून त्यांनीबी तोच मिस्त्री बोलावलेला, अन् तो भट्टीचं तोंड रुंद करायला आधीच बसलेला. मारोतरावनं कपाळावर हात मारला.

"लेका, इतकी कामाची थाप व्हती, तर आधी मला काहून न्हाई मारलीस?"