नाशिकपर्यंतची सीट

बोईसरच्या सीटकव्हरच्या दुकानात हेमाली आपली स्कूटर तयार व्हायची वाट बघत बसली होती. समोर समुद्रकाठच्या नवापूरचा सुजीत लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलवर बसवलेली नवी सीट आईला दाखवत होता. काशीबाई मासळीबाजार उरकून, लुगड्यातच तिथं आली होती.

"बस, आये. मागची बाजू तुझ्यासाठीच रुंद करून घेतलीय."

"गेल्या खेपेला जव्हारलाच कंबर धरली. अर्ध्या वाटेतून परत आणलंस मला. नाशिकच्या नातीचं तोंड अजून बघितलं नाय."

"म्हणून तर नवी सीट."

"एसटीत बसली की उलट्या, गाडीवर बसली की कंबर. बघ, या सीटवरनं पण घसरते रे मी."

"मावशी, एका बाजूनं नका बसू," सीटवाला म्हणाला. "दोन्हीकडं पाय टाकून बसायची सीट हाय ती."

"असं? हे घे."

"आये! जमलं की तुला!"

"न जमायला काय झालं? खडकावर कालवं काढते ती काय पाय जुळवून बसते? कासोटा कशाला हाय?"

"मग गेल्या खेपेला एका बाजूनं का बसलीस?"

"गोल साडीत कसे पाय टाकू? तूच नेसायला लावलीस. जावयाकडं लुगडं बरं नाय दिसत, म्हणालास."

हेमालीनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"आता कंबर कशी हाय?" सुजीतनं विचारलं.

"मस्त हाय. पाठ ताठ राहते. जाईन मी नाशिकपर्यंत."

"मग उद्याच निघू. आणि आये..."

"काय रे?"

"लुगडंच नेस."