आईच्या पाठीवर

(दवाखान्याचं धुलाईखातं. दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालताहेत. एका चादरीला दोघी लागतात.)

थोरली: नाही येणार आई. किती वेळा तेच सांगू?

धाकटी: पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवलीय तिची.

थोरली: मग त्या खुर्चीवर तुझी पर्स ठेव. आणि टोक नीट धर. चादर आहे ती, माइक नाही.

धाकटी: ताई, उद्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. लोकांना तिला बघायचंय.

थोरली: तिकीट लावलंयस का?

धाकटी: तू पुस्तक वाचलंस तरी का?

थोरली: वाचलं. जेवायच्या सुट्टीत, साबणाच्या पोत्यावर बसून. वर ठळक छापलंय, ‘सत्यकथा’. आत लिहिलंय, आईनं तुला पाठीवर बांधून डोंगर चढला, सीमा ओलांडली. आईनं?

धाकटी: वाटलंच मला. तुझं नाव हवं होतं.

थोरली: थोबाड फोडीन. नाव घाल चुलीत. ती गाठ जिथं काचली, तिथं खांद्यावर अजून वळ आहे माझ्या. मला तुझ्या पुस्तकाचा दाखला नको.

धाकटी: मग दुखतंय कुठं तुला?

थोरली: ओढ, ताण दे. दुखतंय हे, की तू झोपली होतीस. सबंध वाट. वाटाड्या निघतानाच म्हणाला होता, पोर रडलं तर पोर तिथंच राहील. म्हणून तुला झोपेचं औषध पाजलं. मी पाजलं, या हातानं. आणि तू पानंच्या पानं लिहितेस, चांदणं असं होतं, वारा तसा होता. कुठल्या खिडकीतून बघितलंस गं?

धाकटी: लहान होते म्हणून काहीच कळत नव्हतं, असं नाही.

थोरली: कळत होतं? मग चौकीच्या अलीकडची घळ सांग. पुस्तकात ती दोन ओळींत उडवलीस. ‘आम्ही थोडी विश्रांती घेतली.’ विश्रांती. सहलीला गेलो होतो ना आपण.

धाकटी: तूच सांग.

थोरली: सांगते. उजाडायला आलं होतं. वाटाड्यानं तुझा हात उचलून सोडला. तो लुळा पडला. म्हणाला, संपलीय ही, ओझं वाहू नका. मग आईनं तुझ्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ धरलं. आणि मला म्हणाली, ठेव तिला खाली.

धाकटी: हळू बोल. बाहेर बायका आहेत.

थोरली: ऐकू देत. सत्यकथा आहे ना? लिही की. मी नाही ठेवलं. माया उतू चालली होती म्हणून नाही. मी थंडीनं काकडत होते आणि पाठीला तुझी ऊब होती, म्हणून. आई पुढं चालायला लागली, मी मागून तुला घेऊन. उद्या सगळं सभागृह उभं राहून आईसाठी टाळ्या वाजवणार. तुला पाठीवर आणलं म्हणून. त्या टाळ्यांनी मरेल ती. तू राहायला येतेस तेव्हा रात्री ती काय करते, माहीत आहे तुला?

धाकटी: माझ्या नाकाशी बोट धरून बसते.

थोरली: तुला कुणी सांगितलं?

धाकटी: मी डोळे मिटून पडून असते. ताई, त्या घळीत तुझी मान चिकट झाली होती ना?

थोरली: झाली होती. मला वाटलं, तुझ्या तोंडातून रक्त येतंय.

धाकटी: औषध होतं ते. कडू होतं. गालात धरून ठेवलं आणि तू पाठीवर घेतल्यावर तुझ्या मानेवर सोडलं. चादर पडली, ताई.

थोरली: पडू दे. म्हणजे तू ऐकलंस.

धाकटी: शब्द न् शब्द.

थोरली: मग हलायचं होतंस, भवाने. एक बोट तरी हलवायचं.

धाकटी: तूच दम दिला होतास. हललीस तर टाकून जातील. म्हणून हात सैल सोडला. आईनं बोट धरलं तेव्हा श्वाससुद्धा रोखून धरला.

थोरली: देवा.

धाकटी: मला वाटलं, मी किती शहाण्यासारखी वागतेय.

थोरली: आणि हे सगळं ठाऊक असून लिहिलंस, आईच्या पाठीवर.

धाकटी: वाटलं, ते तिच्या नावावर असू दे.

थोरली: भीक घालतेस तिला? तिनं मागितली होती? तुला वाटतं तू तिला माफ केलंस. ती ते पान ऐकेल आणि तिला कळेल की तुला कळलंय. खोटं कुणासाठी सांगतात, एवढं ओळखते ती.

धाकटी: मग ते पान नाही वाचत उद्या. तिला स्टेजवरही नाही बोलवत. दाराजवळ बसव मागं, तुझ्या शेजारी. पण आण तिला.

थोरली: बघू. उभी काय राहिलीस, चादर उचल. पुन्हा धुवावी लागणार ती, तुझ्यामुळं.

धाकटी: हात तुझा सुटला.

थोरली: दोन्ही टोकं दे इकडं. मी घरी गेले की ती विचारणार, धाकटी काय म्हणाली. काय सांगू तिला?

धाकटी: इतकी वर्षं सांगतेस तेच. मी झोपले होते.